रामगोंडांनी भरलेली होडी

रामगोंडा पाटलांनी भरलेली गाडी कधी कलंडली नाही, असं सांगलीच्या खालच्या अंगाची चार गावं आजही छातीठोकपणे सांगतात. ऊस असो, वैरण असो, लग्नाच्या मांडवाचं सामान असो, भरताना रामगोंडा अण्णा हवेतच. दुसऱ्यानं भरलेली गाडी पाहिली की त्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या आणि सांगितल्याशिवाय राहवायचं नाही. माणूस सज्जन, पण या एका बाबतीत सासूच म्हणा ना!

त्यांचं एकच तत्त्व होतं, वडिलांकडून आलेलं. बैलाच्या मानेला भार लागता कामा नये. माल चाकाच्या जरा मागं सरकवायचा, म्हणजे जू एका बोटानं उचललं जातं. पुढं वजन लादून बैलांचे खांदे सुजवणाऱ्या गाडीवानाशी ते भर बाजारात भांडायचे. जैनाच्या घरात मुंगीसुद्धा जपून ओलांडतात, बैल तर घरचा माणूस. बैलांच्या सणाच्या, बेंदराच्या आदल्या दिवशी हळद-लोणी घेऊन खांदे मळायला बसले की अण्णा जेवायचं विसरायचे. पुढं दावणीचे बैल गेले, गुडघे कुरकुरू लागले, तत्त्व मात्र सुटलं नाही. आणि त्याच तत्त्वानं एका दुपारी त्यांचा आणि सुनेचा जीव टांगणीला लावला.

कृष्णा चढत होती. अण्णांची वस्ती ओढ्यापलीकडं. जनावरं गावात हलवायला अण्णा आणि सून कीर्ती अलीकडं आले, आणि रात्रीतून नदीचं पाणी ओढ्यात उलटं शिरलं. सकाळी पूल दिसेनासा झाला. पलीकडं राहिली अण्णांची आई हरणाबाई, खुबा मोडून अंथरुणाला खिळलेली. तिच्याजवळ अण्णांची बायको प्रभावती आणि अतिशय नावाचा मुलगा, कीर्तीचा नवरा.

"अण्णा, पायरीला पाणी लागलंय," अतिशय फोनवर सांगत होता. "आजीला माळ्यावर घ्यावं म्हटलं तर हात लावू देत न्हाई. लय वरडतीया."

सरकारी बोटी खालच्या गावांकडं गेलेल्या. आपली पाळी उद्या, असा निरोप आला. उद्यापर्यंत नदी थांबते थोडीच! तेव्हा कीर्तीला नानासोंची आठवण झाली. हे फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार, साताऱ्याचे. कोयनेच्या पाण्यात उन्हाळ्यात पर्यटक फिरवायला त्यांनी फायबरची होडी घेतलेली, पावसाळ्यात ती शेडमध्ये ट्रेलरवर उभी असते. कीर्तीच्या एसयूव्हीला मागं हूक होताच, जरबेराच्या फुलांचे क्रेट नेणारी छोटी ट्रॉली ती नेहमी ओढायची. अण्णांना मोटार येत नव्हती. दोघं निघाले.

नानासोंनी होडी दिली, पण फौजी शिस्तीत. इंजिन होडीच्या मागून काढून त्यांनी आतच, ट्रेलरच्या चाकांच्या पुढं आडवं बांधलं, त्याला लागून पेट्रोलचे कॅन. साखळ्या हुकाखालून फुलीसारख्या अडकवल्या. पट्टे स्वतः ओढून बघितले.

"ऐका ताई," ते म्हणाले, "वजन पुढं हाय, ते पुढंच ऱ्हायला पायजे. साठाच्या वर जायाचं न्हाई. आणि शेपूट हालायला लागलं तर ब्रेकला पाय लावायचा न्हाई. ॲक्सिलेटर सोडायचा, स्टेरिंग सरळ धरायचं. मनात कायबी येऊ दे, पाय ब्रेकवर जाता कामा नये."

मग ट्रेलरचे दिवे लागेनात म्हणून ते आणि कीर्ती गाडीच्या पुढं बॉनेट उघडून बघायला लागले, वायर कुठं तरी सैल होती. अण्णा एकटेच मागं उभे. त्यांना दिसलं की गाडीचं बूड चार बोटं खाली बसलंय. म्हणजे भार मानेवर आलाय. मुकी गाडी, कुणाला सांगणार! शेडमधल्या गड्याला हाताशी धरून त्यांनी इंजिन आणि कॅन चाकांच्या मागं सरकवले आणि दोऱ्या पुन्हा आवळल्या. बूड वर आलं. अण्णांनी डिकीवर थाप मारली आणि समाधानानं पुढं जाऊन बसले.

गाव सुटेपर्यंत काही कळलं नाही. हमरस्त्याला लागल्यावर गाडी मधूनच अंग घुसळू लागली.

"आज स्टेरिंग हलकं का लागतंय?" कीर्ती पुटपुटली.

"वारं असंल," अण्णा म्हणाले. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

फोन पुन्हा वाजला. पाणी उंबऱ्याला टेकलं होतं. कीर्तीचा पाय नकळत दाबला गेला. काटा सत्तरीकडं सरकला. उंब्रजच्या अलीकडचा उतार, पावसाची झड, उजवीकडून एसटी पुढं निघालेली. तिच्या वाऱ्याचा धक्का बसला आणि होडीनं शेपूट फेकलं. डावीकडं. मग उजवीकडं, जास्त. मग परत डावीकडं, इतकं की आरशात अख्खी होडी आडवी दिसली. तिच्याबरोबर गाडीचं बूडही ओढलं जाऊ लागलं.

"ब्रेक दाब! कीर्ती, ब्रेक!" अण्णा ओरडले.

तिनं दाबला नाही. सगळं अंग ब्रेककडं ओढ घेत होतं, सासरे कानाशी ओरडत होते, तरी तिनं पाय नुसता उचलला आणि स्टेरिंग दोन्ही हातांनी असं धरलं की बोटं पांढरी पडली. होडी एसटीच्या मागच्या चाकाजवळून गेली, परत आली, पुन्हा गेली. अण्णांनी डोळे मिटले आणि णमोकार मंत्र सुरू केला. हळूहळू झोके लहान झाले. गाडी कडेला लागून थांबली.

"मला न्हाई जमायचं, मामा," ती रडायला लागली. "फुलाची ट्रॉली वेगळी आणि हे वेगळं. माझंच कायतरी चुकतंय. होडी हितंच ठेवू, कुणी ट्रकवाला भेटतो का बघू."

अण्णांना गप्प राहणं सोपं होतं. पण ट्रकवाला मिळणार कधी आणि आई उचलली जाणार कधी? आणि ही पोर, जिनं आत्ता त्यांचा जीव वाचवला होता, ती स्वतःला दोष देत होती. त्यांना स्वतःची लाज वाटली.

"तुझं काय चुकलं न्हाई. इंजिन मी मागं सारलंय."

"काय?"

"गाडीच्या मानंवर भार येत हुता गं. बघवंना मला."

कीर्ती मग भडकली. लग्नाला सहा वर्षं झाली होती, सासऱ्यापुढं तिचा आवाज कधी चढला नव्हता.

"आवं, गाडी म्हंजी बैल हाय व्हय? नानासो काय सांगत हुते ते ऐकलं न्हाई का तुमी? मेलो असतो की दोघं! आणि आजीला कोण काढलं असतं?"

अण्णांनी दार उघडलं. "चल," एवढंच म्हणाले.

भर पावसात दोघांनी ते इंजिन पुढं ओढलं. अण्णांचे गुडघे बोंबलत होते. नानासोंनी बांधलं होतं तिथंच ते आणलं, कॅन आणले, दोऱ्या आवळल्या, साखळ्या चाचपल्या. गाडीचं बूड पुन्हा खाली बसलं. ते बघताना अण्णांना आतून तुटल्यासारखं झालं, पण त्यांनी हात लावला नाही. पुढं कऱ्हाड गेलं, इस्लामपूर गेलं, कीर्तीनं काटा पन्नाशीच्या वर जाऊ दिला नाही. होडी मागून मुकाट्यानं येत राहिली.

उजेड असतानाच होडी ओढ्यात उतरली. वस्तीवरच्या घरात पाणी गुडघाभर झालेलं. गावची पोरं इंजिन मागं लावून पलीकडं गेली, अतिशयनं आणि त्यांनी हरणाबाईला बाजेसकट उचलून होडीत घेतलं आणि अलीकडं आणलं. म्हातारी शिव्या घालत होती, म्हणजे ठीक होती. प्रभावतीनं काठावर पाय ठेवताच सुनेला मिठी मारली.

काठावर सारं गाव लोटलेलं. अतिशय ओल्या अंगानं हसत म्हणाला, "साताऱ्यासनं हितवर होडी आणली, एक दोरी ढिली न्हाई! अण्णांनी भरल्यावर भार चुकतोय व्हय?"

लोक माना डोलवू लागले. कीर्तीनं नजर दुसरीकडं वळवली. ती बोलणार नव्हती, हे अण्णांना कळलं.

"चुकला हुता," अण्णा मोठ्यानं म्हणाले.

ते कीर्तीशेजारी जाऊन उभे राहिले.

"मीच चुकीचा भरला. हिला काय सांगिटलंबी न्हाई. उंब्रजाजवळ होडी पलटी हुणार हुती, आन मी ब्रेक दाब म्हणून वरडत हुतो. हिनं माझं ऐकलं न्हाई म्हणून आई ह्या काठाला हाय."

तेवढ्यात पलीकडच्या वस्तीवरून हाका आल्या, तिकडं अजून माणसं होती. पोरं सवयीनं अण्णांकडं वळली. "अण्णा, आता किती मान्सं घ्यायची? कुणाला कुठं बसवायचं?"

अण्णांनी कीर्तीकडं हात केला. "तिला विचारा," ते म्हणाले, आणि आईच्या बाजेचा पाय धरायला खाली वाकले.