तीन पानं आणि चिंचेचा कोळ

बॉबलिंगेनमधल्या मराठी मंडळींनो, आज दुपारी ओळखीतली एक मुलगी सासऱ्यांना घेऊन घरी आली. त्यांनी तरुणपणापासून जपलेलं नाणं मी पारखावं, एवढंच काम होतं. १७९५चा अमेरिकन चांदीचा अर्धा डॉलर.

भिंग लावलं. गरुडाच्या पंखाखाली बहुतेक नाण्यांवर दोन पानं असतात, यावर तीन होती. दुर्मीळ प्रकार, अस्सल नाणं.

"बघा ताई, मी म्हणत होतो ना!" सासरे खुलले.

पण नाणं आरशासारखं चमकत होतं. "हे घासलं कुणी?"

"मीच, काकू," सून हसून म्हणाली. "लक्ष्मीपूजनाला काळं नाणं कसं ठेवणार? चिंच लावून चांगलं लख्ख केलं."

"दोनशे वर्षांचा थर पाच मिनिटांत काढलास. आता याला कुणी ग्रेड, म्हणजे दर्जाचा दाखला, देणार नाही. संग्राहकांच्या लेखी हे नाणं गेलं."

सासऱ्यांनी नाणं रुमालात बांधलं. "यापुढे माझ्या कपाटाला हात लावायचा नाही."

दारात तिने हळूच विचारलं, "काकू, पुन्हा काळं करता येईल?"

"नाही."

मी खोटं बोलत नाही. पण नाणं गेलं हे सासऱ्यांसमोर न बोलता आधी तिला बाजूला घेऊन सांगितलं असतं, तरी ते तेवढंच खरं राहिलं असतं ना?