देखणीचं बारसं

इंग्रजांच्या काळात मी चिचगडच्या जंगल ऑफिसात कारकून होतो. तिथल्या फायली वाळवीने खाल्ल्या, किस्से मात्र शाबूत राहिले. एक सांगायला घ्यावा, तर त्याच्या मागून दुसरा हजर!

आमच्या रेंजरसाहेबांना लॅटिनचं वेड. एकदा म्हणाले, "स्पेसिओसुस म्हणजे देखणा. बाई असली तर स्पेसिओसा, वस्तू असली तर स्पेसिओसुम." शिवाय हा शब्द 'पाहणे' याच अर्थाच्या क्रियापदावरून निघालेला. मी चाटच पडलो. आपलंही देखणे, मग देखणा, देखणी, देखणं! सातासमुद्रापलीकडे आपल्याच घरची रीत.

* * *

दुसऱ्यांदा साहेब सांगत होते की लॅटिनमध्ये झाडांची नावं बहुतेक स्त्रीलिंगीच, शेवट कसाही असो. ऑफिस झाडणारी सोनाबाई ऐकत होती. हात न थांबवता म्हणाली, "फळ कोनाच्या पोटी येते? बाईच्याच ना? यात शिकाचं काय हाय?" साहेबांनी ते वहीत लिहून घेतलं.

* * *

मोठा गोरा साहेब येणार होता, म्हणून फुलावर आलेल्या प्रत्येक झाडाला लॅटिन नावाची पाटी लावायचा हुकूम निघाला. नाल्याकाठी ताम्हणीचं झाड होतं. तिचा जांभळा फुलोरा पाहायला येणारा-जाणारा थबकायचाच. पण नवा रस्ता नेमका तिथूनच जाणार होता, आणि तिच्या बुंध्यावर तोडीचा शिक्काही बसला होता. हुकूम तो हुकूम. मी तिचीही पाटी ठोकली. शेवटचा शब्द होता स्पेसिओसा. सोनाबाईने अर्थ विचारला, मी सांगितलं, "देखणी."

* * *

तोडीच्या सकाळी जाऊन पाहतो तर बुंध्याला हळदकुंकू, फांदीला लुगड्याचा पाळणा, आणि गावच्या बायका घुगऱ्या वाटताहेत. नाव ठेवलं म्हणजे बारसं आलंच की! मजूर कुऱ्हाडी खाली ठेवून घुगऱ्या खात बसले होते.

तेवढ्यात गोरा साहेब घोड्यावरून आला आणि काम का थांबलं म्हणून विचारू लागला. रेंजरसाहेबांनी पाटीकडे बोट दाखवलं. सोनाबाई पुढे झाली.

"नाव तुमीच ठेवलं ना? मंग नाव ठेवलेल्या पोरीवर कोनी कुऱ्हाड चालवते का?"

रेंजरसाहेबांनी ते इंग्रजीत सांगितलं. गोरा साहेब घोड्यावरून उतरला आणि बराच वेळ वर फुलोऱ्याकडे पाहत राहिला. मग त्याने माझ्या हातातून तोडीचं रजिस्टर घेतलं, ताम्हणीचा नंबर खोडला आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहू लागला.

"काय लिवून राहिला तो?" सोनाबाईने मला विचारलं.

मी डोकावून वाचलं. "स्पेसिओसा."

"मंग त्यालेबी घुगऱ्या द्या."