खोट्या नवरदेवाची गोष्ट

टेंभुर्णीत खोट्या नवरदेवाची गोष्ट सांगावी तर जयवंताबाईनंच. राजाचा मुलगा काणा, म्हणून राजकन्येला दाखवतात प्रधानाचा देखणा मुलगा. अंतरपाट सरतो, समोर काणा! मग राजकन्या अशा काही युक्त्या लढवते, की सातव्या दिवशी राजा नाक घासत येतो. बाया हसून हसून लोळायच्या.

त्यांना कुणी सांगावं, की जयवंताबाईला पाहायला आला होता तो तिचा धाकटा दीर, आणि अंतरपाटापलीकडे निघाला काणा थोरला? तिनं कुठली युक्ती लढवली? पंचावन्न वर्षं दोघा भावांना एकाच तव्यावरच्या भाकरी वाढल्या, एवढंच.

आता नातू रामेश्वर बत्तीस वर्षांचा झाला. शेती करणाऱ्याला मुलगी देतो कोण? तीन नकार आल्यावर त्याच्या बापानं, कारभारीनं, डोकं चालवलं. जालन्याच्या एमआयडीसीत कामाला असलेल्या एका ओळखीच्याचा गणवेश आणला, त्याच्या कंपनीच्या कार्डावर रामेश्वरचा फोटो चिकटवला. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं येत नाही म्हणतात. या पठ्ठ्यानं पगाराचं आणलं.

म्हातारी भडकली. "लोकाच्या लेकीला खड्ड्यात लोटून राह्यले तुम्ही!"

"माय, तिथं तोंड उघडलं तर पोरगं जन्मभर बिनलग्नाचं राहील. ते पाप तुझ्या डोक्यावर."

वडीगोद्रीला मुलीच्या घरी रामेश्वर गणवेश घालून बसला. ती मुलगी, मोनाली, पोहे घेऊन आली. चुणचुणीत, हसरी पोर. हिला सावध करायला हवं, असं जयवंताबाईला वाटलं. सरळ बोलायची छाती होईना, म्हणून तिनं गोष्ट काढली. पण सातवा दिवस गाळला. अंतरपाट सरला, पोरगी फसली, आणि जयवंताबाई तिथंच थांबली. कारभारीच्या घशात पोहे अडकले.

"मंग?" मोनालीनं विचारलं.

"मंग काय. नांदली."

मोनाली खळखळून हसली. "आज्जी, आधी चौकशी न्हाई का करायची? आमच्या बाबांनी यांचं कार्ड बराबर पाहून घेतलं."

तासाभरात सुपारी फुटली.

परतताना जीपमध्ये जयवंताबाईला स्वतःचाच संताप येत होता. नोकरी खोटी हाये, पोरी. चार शब्द होते, तेवढेही तिच्यानं बोलवले नाहीत.

कारभारी मात्र खुशीत होता. "माय, पोरगी आधी घुम्यावानी बसल्ती. तुझ्या गोष्टीनं खुलली बघ. सोयरे म्हणले, आज्जी एवढी दिलखुलास हाये, तर घर चांगलंच असणार. हळदीला बी हीच सांग."