नदीची सुट्टी

लेकीच्या नोकरीमुळे मी दूर उत्तरेकडच्या एका जंगलातल्या गावी गेले होते. त्या गावाला रस्ता एकच, तो म्हणजे नदी. हिवाळ्यात तिच्या गोठलेल्या पाठीवरून लाकडांचे ट्रक जातात, उन्हाळ्यात तिच्यातूनच होड्या पीठ आणि डिझेल आणतात. मी बर्फावरून जीपने आले आणि चारच दिवसांत बर्फ तडकायला लागला. तो सगळा वाहून जाईपर्यंत आता ना गाडी चालणार, ना होडी. शहरातून सुटणारं परतीचं विमान चुकणार म्हणून मी खिडकीशी चरफडत बसले होते.

"आई, बाहेर तरी ये," लेक म्हणाली.

काठावर अख्खं गाव बाकं मांडून बसलेलं. ट्रकवाला, होडीवाला, दुकानदार, सगळे थर्मास घेऊन मजेत नदीकडे बघत होते. एका म्हातारीने सरकून मला जागा दिली आणि काहीतरी विचारलं.

लेक हसून म्हणाली, "त्या विचारतायत, तुमच्याकडे नदीला सुट्टी कधी असते?"

आमच्या नद्या धुणी धुतात, शेतं भिजवतात, वीज देतात, गणपती नेतात. त्यांच्या सुट्टीचं आम्ही कधी मनातही आणलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी विमानाची वेळ झाली, तेव्हा मी सगळ्यांच्या आधी येऊन बाकं पुसत होते.