खोक्याची मूठ आणि भुंगा

बायकोच्या हार्मोनियमसाठी मी घरीच प्लायवूडचा खोका केला. विकतचे खोके टिकत नाहीत, हे माझं ठाम मत. कधी विकत न घेता झालेलं. मूठ मात्र मजबूत हवी, म्हणून बांधावरची बाभळीची फांदी तोडली, तासली, पॉलिश मारलं आणि ठोकून टाकली.

आमच्याकडं बाभळीचं लाकूड आधी पाण्यात भिजत टाकतात, म्हणजे भुंगा लागत नाही. वखराचं असो नाहीतर कुऱ्हाडीच्या दांड्याचं, वडलांनी भिजवल्याशिवाय कधी वापरलं नाही. पण त्यांच्या काळी पॉलिश कुठं होतं! मी शिकलेला माणूस.

काही महिन्यांनी खोक्यावर पिवळं पीठ दिसू लागलं. बारीक भोकंही दिसली. मी ती मेणानं बुजवली आणि वर आणखी एक हात पॉलिश मारलं. भुंग्याला आत चकाचक घर मिळालं.

वसमतच्या स्टँडवर बसमधून उतरताना बायकोच्या हातातच मूठ तुटली, खोका आपटला. हार्मोनियमचा एक सूर मुका झाला. ती रडवेली होऊन म्हणाली, "बसच्या दारावर आपटली वाटतं म्याच."

मी काय म्हणालो? "जरा सांभाळून धरायचं ना."

मुठीचे तुकडे मी लगबगीनं पिशवीत घातले. आतून नुसता भुसा होता. घरी आल्यावर बंबात घातले. पाणी छान तापलं.

हार्मोनियम हिंगोलीहून दुरुस्त होऊन आली, पण हिनं ती बाहेर नेणं सोडलं. भजनाला जाताना टाळ न्यायची. "माझ्या हातात काई ऱ्हात न्हाई," म्हणायची. मी समजूतदारपणे मान हलवायचो. समजूतदार नवरा म्हणून शेजारी माझं नावही होतं.

शेवटी मी नवी फांदी आणून हौदात दगडाखाली दाबली. पाण्याला वास सुटला.

"अहो, काय सडवून राहिले हौदात?"

"मूठ. मागच्या वेळी भिजवली नव्हती. भुंगा लागलेला मला दिसला होता. तुझा हात काही चुकला नाही."

तिनं हौदात वाकून फांदी बघितली. मग म्हणाली, "म्हंजी लाकूड भुंग्यानं खाल्लं, अन् बोलणी म्या खाल्ली?"

"व्हय."

"मंग डोंगरकडा गावच्या भजनाला खोका तुमी उचलायचा. अन् बायांना सांगायचं बी तुमीच."

लाकूड भिजून, सावलीत वाळून मूठ बसेपर्यंत ती ते विसरेल, अशी मला आशा होती. माझ्या आशा माझ्या सुतारकामासारख्याच.

डोंगरकड्याला मी खोका घेऊन बसमधून उतरलो. मूठ हलली नाही. एका म्हाताऱ्या बाईनं विचारलं, "पेटी हेच वाजिवतात का वं?"

"न्हाई वं मावशी," बायको म्हणाली, "खोक्याला भुंगा लागलावता, त्यो संगं आणलाय. सांगा हो, सांगा."

सगळ्या बायांसमोर मी सांगितलं. हसू थांबेना. त्या हसण्यातच तिनं खोका उघडला, भाता सोडला आणि मुका झाला होता तोच सूर आधी धरला.