नऊशे पानांची गोष्ट

औरंगपुऱ्यातल्या बाइंडरचाचांचं नाव मी कधी विचारलं नाही. माझी नऊशे पानांची इंग्रजी कादंबरी हातात पेलेना, म्हणून त्यांनी ती कापून तिचे तीन भाग बांधून दिले. दातांत दोरा धरून ते बोलत, त्यामुळे वाक्यं तोकडी असत.

"काय हाय यात?"

"राजे, जादू, लढाई. पण दोनशे पानं झाली, फौज नुसती चालतेय. सोडणार आहे मी."

"चालू द्या की, बेटा. मला सांगत जा. बायको अंथरुणावर हाय, तिला किस्से लई आवडतात."

मग दर शनिवारी, ऑफिसातून येताना, मी अडखळत गोष्ट सांगू लागले. चाचींना लढाईची घाई नव्हती. त्यांचा जीव फौजेतल्या म्हाताऱ्या स्वयंपाकिणीवर जडला होता. "आज काय रांधलं, इचारतीय," चाचा म्हणत. त्यामुळे मी पूर्वी गाळलेली पानंही नीट वाचली.

सातशेव्या पानावर ती स्वयंपाकीण एका ओळीत मेली. मी खूप रडले. दोनशेव्या पानावर पुस्तक सोडलं असतं, तर ती माझी कुणीच नसती.

शनिवारी चाचांनी विचारलं, "म्हातारी कशी हाय?"

"बरी आहे. शोरबा करतेय."

त्यांनी दातांतला दोरा काढला. "मेली ना?"

मी खाली बघत मान हलवली.

त्यांनी पुठ्ठ्यावरून हात फिरवला. "पुढचं सांगा तुम्ही," ते म्हणाले. "म्हातारीनं रोज काय रांधायचं, ते आता मीच बघतो."