अप्पासाहेबांचा थर्मास

अप्पासाहेब कर्णिक घराबाहेर पडले की एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात थर्मास, हे ठरलेलं. पोस्टात जायचं असो की कुणाच्या मुंजीला, थर्मास बरोबर हवाच, आणि त्यात कॉफी. आमच्या टेंभी नाक्यावर सगळे चहावाले; कॉफी पिणारा माणूस हा एकच. नोकरीत असताना त्यांची कारवारच्या कोर्टात बदली झाली होती. तिथून ही सवय घेऊन ते ठाण्याला आले आणि इथल्या कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले. थर्मास त्यानंतरचा. लढाई संपल्यावर कल्याणच्या लष्करी छावणीतलं सामान विकायला निघालं, तेव्हा गर्दीत घुसून त्यांनी तो मिळवला होता. आतबाहेर पोलादी, काच नावाला नाही. "हा पडला तरी जामिनावर सुटतो," असं ते कौतुकानं सांगायचे.

मी लग्न होऊन त्यांच्या शेजारच्या घरात आले ती पन्नासच्या सुमारास. एकदा ते आमच्याकडे सत्यनारायणाला आले होते. रिकामा थर्मास दिसला म्हणून नव्या सुनेच्या उत्साहानं मी तो मोरीत नेला. अप्पासाहेब ताटावरून उठून आले. "सूनबाई, कॉफीचं भांडं विसळावं, घासू नये. घासलं की चव बेवारशी होते." मी आत डोकावून पाहिलं तर चिंचेच्या टरफलासारखा काळपट तपकिरी थर बसला होता. सासूबाई नंतर म्हणाल्या, "अगं, तो थर म्हणजे त्यांची पेन्शन आहे. हात लावू नकोस."

बोलणं सगळं असं कोर्टातलं. भाजीवालीनं भाव सांगितला की "अर्ज नामंजूर." पाऊस लांबला की "तारीख पडली." मुलगी इंदू मात्र त्यांच्यावर हसायची. "अप्पा, घरात कोर्ट नको." ती लहान असतानाच तिची आई गेली होती. इंदू शिकली, कोपरीच्या एका शाळेत शिक्षिका झाली, आणि घरही तिनंच चालवलं. अप्पासाहेब स्वतःची कॉफी तेवढी करायचे. चुलीपाशी त्यांना बाकी काही माहीत नव्हतं.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात इंदूला ताप आला. आठवडा उलटला तरी उतरेना. डॉक्टरांनी मुदतीचा ताप, म्हणजे टायफॉइड, असल्याचं सांगितलं आणि तिला इस्पितळात ठेवायला लावलं. अप्पासाहेबांनी पहिल्यांदा विचारलं ते हेच, "मुदत किती?" डॉक्टर म्हणाले, "ते कुणी सांगू शकत नाही. आतडी नाजूक होतात या तापात. घन पदार्थाचा कणही पोटात जाता कामा नये. दूध घ्या, फळांचा रस घ्या, पण घ्यायला हवं. अंगात शक्ती राहिली तरच मुलगी यातून निघेल."

इस्पितळातलं दूध इंदूला उलटून पडायचं. घरून पितळी कडीच्या डब्यात न्यावं, तर भेटायची वेळ होईपर्यंत ते गार व्हायचं, आणि गार दुधानं तिच्या पोटात कळा यायच्या. वॉर्डात दूध गरम करायची सोय नव्हती. तेव्हा अप्पासाहेबांनी थर्मास काढला. नेहमीसारखा विसळला आणि दूध भरून नेलं. इंदूनं पहिल्याच घोटाला तोंड फिरवलं. "कॉफीचा वास येतोय, अप्पा. मळमळतंय." त्यांनी दुसऱ्या दिवशी उकळत्या पाण्यानं विसळला. तिनं वडिलांकडे बघून दोन घोट बळेच घेतले, आणि ते परत आले. तिसऱ्या दिवशी तिनं ओठच उघडले नाहीत.

त्याच्या दुसऱ्या दिवशी भर दुपारी आमच्या दाराची कडी वाजली. अप्पासाहेब अनवाणी उभे होते. डोक्याला टोपी नव्हती. त्यांना बिनटोपीचं मी कधीच पाहिलं नव्हतं. थर्मास माझ्यापुढे धरून ते म्हणाले, "सूनबाई, हे घासतात कसं?"

सासूबाई आणि मी लगेच कामाला लागलो. आधी राख. पण तोंड अरुंद, हात आत जाईना. काठीला चिंधी गुंडाळून घासलं, तर खांद्यापर्यंतचा भाग थोडा उजळला, तळ तसाच. मग चिंचेचं कढत पाणी घालून ठेवलं. पाणी चहासारखं होऊन बाहेर आलं, पण अप्पासाहेबांनी नाक लावलं आणि मान हलवली. "आहे अजून." पुन्हा चिंच, पुन्हा नाक. "आहे." भेटायची वेळ चारची. ते दर थोड्या वेळानं आमच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत आणि परत मोरीच्या कट्ट्याशी येऊन उभे राहत.

"अहो, बसा तरी," सासूबाई म्हणाल्या.

"वहिनी, काल तिचा हात धरला होता. नुसती काडी हो. जरा जोरात धरला असता तर मोडला असता."

सासूबाईंनी चुलीवर आणखी पाणी चढवलं.

सकाळच्या अंड्यांची टरफलं कचऱ्यात पडलेली होती. माझ्या माहेरी काचेच्या बरण्या आम्ही टरफलं घालून खळबळून धूत असू. मी ती उकळून घेतली, चुरली, थर्मासात टाकली, वर खायचा सोडा आणि कढत पाणी घातलं. झाकण लावून हलवायला घेणार, तोच अप्पासाहेब म्हणाले, "द्या इकडे." दोन्ही हातांनी छातीशी धरून ते थर्मास हलवू लागले. पहिलं पाणी ओतलं ते काळं. दुसरं तपकिरी. पुन्हा सोडा, पुन्हा टरफलं. त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. तरी थर्मास माझ्याकडे देईनात.

एकदा हलवता हलवता थांबले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "इंदूच्या आईला मी आजारपणात पेलाभर पाणीसुद्धा नेऊन दिलं नाही, सूनबाई. कोर्टातून यायचो तो तिनं माझं पान वाढून ठेवलेलं असायचं. मला वाटायचं, बरी आहे."

मग पुन्हा हलवू लागले.

पाणी स्वच्छ यायला लागलं. थर्मास उन्हात धरला तर तळ चकाकत होता. अप्पासाहेबांनी नाक लावलं, सासूबाईंना लावायला सांगितलं, मला सांगितलं. वास नव्हता. मी दूध चुलीवर ठेवायला वळले, आणि मागून त्यांचा आवाज आला, "थांबा. टरफलाचा टवका आत राहिला असेल तर?"

मी दुधाचं भांडं खाली ठेवलं. डॉक्टरांचे शब्द आम्हा तिघांनाही ठाऊक होते. एक कण, आणि तो आपल्याच हातानं घातलेला! अप्पासाहेबांनी घरातून पांढरं धोतर आणलं, नवं कोरं. ते मोरीवर ताणून धरलं आणि आम्ही थर्मासातून त्यावर पाणी ओतलं. तीन कण निघाले. पुन्हा ओतलं. एक निघाला. त्यानंतर काही निघेना, तरी ते "अजून एकदा" म्हणतच राहिले. शेवटी सासूबाईंनी त्यांच्या हातातून धोतर काढून घेतलं. "अप्पासाहेब, आता कापडाचेच धागे निघतील. वेळ होतेय." मग दूध गाळून भरलं. तिथे पेल्यात ओततानाही गाळायचं, असं ठरवून मलमलीचा तुकडा मी कनवटीला लावला आणि त्यांच्याबरोबर निघाले.

इंदू डोळे मिटून पडली होती. मी गाळून दूध ओतलं. अप्पासाहेबांनी पेला तिच्या ओठांशी नेला खरा, पण दूध तिच्या हनुवटीवर सांडलं. मी पेला घेतला. एक घोट गेला. आम्ही वाट पाहिली. शेजारच्या खाटेवरची बाईसुद्धा मान वर करून बघत होती. दुसरा गेला. इंदूनं डोळे उघडले आणि विचारलं, "गवळी बदलला का, अप्पा?"

अप्पासाहेब खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. अर्धा पेला गेला, आणि तो पोटात राहिला.

लगेच सगळं बरं झालं असं नाही. ताप उतरला, आठवड्यानं पुन्हा चढला. कुणी विचारलं, "इंदू कशी आहे?" तर अप्पासाहेब पूर्वीसारखे "तारीख पडली" म्हणत नसत. "दूध घेतलंन," किंवा "आज नाही घेतलंन," एवढंच सांगत. रोज दुपारी ते आमच्या मोरीत येऊन थर्मास स्वतः घासत, धोतरावर पाणी गाळून बघत. टरफलं वापरणं मी केव्हाच बंद केलं होतं, नुसता सोडा असायचा, तरी गाळल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. पाऊस सुरू झाल्यावर इंदू घरी आली. डोक्यावरचे केस गेले होते आणि दारातली पायरी चढायला तिला दोघांचा आधार लागला. पण ती आली.

पुढे दोन वर्षांनी तिचं लग्न झालं, ती डोंबिवलीला गेली, आणि काही काळानं अप्पासाहेबांनाही तिनं तिकडेच नेलं. तिथेच ते गेले. इंदू आणि तिची दोन मुलं उशाशी होती, असं कळलं.

मला ते आठवतात ते डोंबिवलीला जायच्या आधीच्या महिन्यातले. माझा मुलगा तेव्हा दीड वर्षाचा होता आणि त्याला सणसणून ताप भरला होता. आमचे हे फिरतीवर, सासूबाई गावी. सकाळी अप्पासाहेब आले, काही न विचारता ओट्यावर बसले. दुपार झाली तरी बसलेलेच. मी भात वाढून दिला, तो तिथेच खाल्ला. ऊन ओट्यावर आलं तसे ते सावलीकडे सरकले, पण उठले नाहीत. मला संकोच वाटायला लागला.

"अप्पासाहेब, घरी जाऊन पडा ना जरा. काही लागलं तर हाक मारीन मी."

"मला काही करता येत नाही, सूनबाई, हे मला माहीत आहे," ते म्हणाले. "पण काळजी एकट्यानं केली की वाढते. मी केलीय. तुम्ही आत बघा पोराकडे, मी इथं आहे."

दिवेलागणीला मुलाला घाम फुटला आणि अंग निवलं. मी बाहेर येऊन सांगितलं. अप्पासाहेबांनी नुसती मान डोलावली, गुडघ्यावर हात देऊन उठले आणि हळूहळू आपल्या घराकडे चालू लागले.